कुशल आणि वर्तमान : तंजावरचे सरफोजी राजे आणि प्रॉटेस्टंटांचा पत्रव्यवहार

१

जुन्या मराठी पत्राची ठेवण पाहिली असता तिचे भाग सहज निराळे काढता येतात. आरंभी मायना. ज्यास पत्र लिहावयाचे त्याची योग्यता आणि लिहिणाराशी असलेले त्याचे नाते या मायन्यात ठरून जाते. 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'राजश्री', 'वेदशास्त्रसंपन्न' ही संबोधने केवळ शोभेची नव्हेत. कोणी कोणास काय लिहावे याची शिस्त इतकी काटेकोर होती की, ती शिकविणारे 'मेस्तक' नावाचे लेखनप्रकरण हेमाद्रीच्या नावावर परंपरेने चालत आले आहे. मायन्यानंतर कुशल येते : येथील क्षेम जाणून आपले क्षेम लिहीत जावे, अशी विनंती. त्यानंतर 'विशेष' या शब्दाने वर्तमानास आरंभ होतो आणि 'बहुत काय लिहिणे' या समारोपाने पत्र संपते.

बीड, धारूर, अंबाजोगाई या टापूतील जुन्या घरांत मोडी कागदांचा एखादा रुमाल हाती आला, तर त्यातही हीच ठेवण आढळेल. अशा कागदाकडे इतिहासाचा अभ्यासक वळतो तो 'विशेष' या शब्दापासून पुढे. त्यामागील मायना आणि कुशल त्यास रूढ, म्हणून निरर्थक वाटतात. छापील साधनांतून हा भाग गाळण्याची किंवा एका टिंबमालिकेत उरकण्याची प्रथा आपल्या संपादकांनीही पुष्कळ वेळा पाळली आहे. पत्रातील खरा ऐवज म्हणजे बातमी आणि स्नेहाची भाषा म्हणजे तिचे वेष्टन, असे यात गृहीत धरलेले असते.

हे गृहीत कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या विचारासाठी येथे एक दूरचे उदाहरण निवडले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी राजघराण्याचा संबंध युरोपातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळींच्या विस्तीर्ण पत्रव्यवहाराशी आला. स्नेह आणि वर्तमान यांची सांगड घालणाऱ्या दोन परंपरा तेथे समोरासमोर आल्या. त्यांच्या भेटीत काय घडले आणि कागदावर काय उरले, हे पाहण्याजोगे आहे.

२

प्रथम प्रॉटेस्टंट पत्रव्यवहाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सोळाव्या शतकात रोमच्या धर्मसत्तेपासून जे पंथ निराळे झाले, त्यांना एक केंद्र नव्हते. विटेनबर्ग, झूरिच, जिनीव्हा, स्ट्रासबर्ग अशा गावोगावी त्यांचे आचार्य विखुरलेले होते. अनेकांवर देशत्यागाचा प्रसंग आला. एकमेकांस धरून राहण्याचे मुख्य साधन पत्र हेच होते. झूरिचचा हाइनरिख बुलिंगर (१५०४–१५७५) याच्या पत्रव्यवहारातील सुमारे बारा हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी बहुसंख्य त्यास आलेली आहेत. विटेनबर्गच्या मेलांख्थनच्या पत्रव्यवहाराची संख्याही दहा हजारांच्या आसपास जाते.

या पत्रांची भाषा बहुधा लॅटिन. पत्र म्हणजे दूर असलेल्या मित्रांमधील संभाषण, ही कल्पना त्यांनी रोमन ग्रंथकारांकडून घेतली होती. १५२२ साली प्रसिद्ध झालेल्या एरास्मसच्या पत्रलेखनविषयक ग्रंथाने तीस विद्यार्थ्यांच्या पाठात आणून बसविले. परंतु या मित्रांना नुसते संभाषण परवडणारे नव्हते. कोणत्या राजाने कोणाशी तह केला, कोठे छळ सुरू झाला, कोण मृत्यू पावला, हे वेळीच कळणे हा त्यांच्या जीविताचा प्रश्न होता. म्हणून पत्रासोबत वर्तमानाचा निराळा ताव जोडण्याची रीत पडली. मूळ पत्र मित्रापाशी राही आणि ताव पुढे दुसऱ्या गावी जाई. झूरिच येथीलच योहान याकोब विक याने १५६० पासून १५८८ पर्यंत अशा वार्ता, चित्रे आणि छापील पत्रके यांचे चोवीस खंड जमविले.

इंग्लंडची राणी मेरी हिच्या कारकीर्दीत (१५५३–१५५८) काही इंग्रज प्रॉटेस्टंट झूरिचला आश्रयास येऊन राहिले. पुढे एलिझाबेथ गादीवर आल्यावर ते स्वदेशी परतले व त्यांपैकी काही बिशपही झाले. आश्रय देणाऱ्या मंडळींना ते वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिले. त्या पत्रांत इंग्लंडच्या दरबाराची हकीकत आहे, आणि झूरिचच्या ज्या घरात दिवस काढले त्या घरातील माणसांची चौकशीही आहे. हकीकत कळविणे हाच तेथे ऋण फेडण्याचा एक मार्ग झाला आहे. मराठी पत्रातील कुशल आणि विशेष येथे एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात.

३

हा पत्रव्यवहार हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला तो १७०६ साली. तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून १६२० मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना कावेरीच्या मुखाजवळील तरंगंबाडी हे ठाणे मिळाले होते. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने तेथे पाठविलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाउ हे दोन जर्मन धर्मोपदेशक ९ जुलै १७०६ रोजी उतरले. जर्मनीतील हाले या गावी आउगुस्ट हेर्मान फ्रांके याने अनाथालय, शाळा व छापखाना यांची मोठी संस्था उभारली होती, आणि हे दोघे त्याच्याच प्रभावातील होते. साहजिकच तरंगंबाडीहून पत्रे हालेस जाऊ लागली. तेथे ती निवडून १७१० पासून छापली जाऊ लागली. ही वृत्तांतमाला नाव व रूप बदलत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली.

पत्र एका गावाहून निघे आणि वाचले मात्र अनेक गावी जाई. त्सीगेनबाल्गच्या पत्रांचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये बोएम या जर्मन धर्मगुरूने १७०९ मध्ये काढले. पुढे मेथडिस्ट पंथ स्थापणाऱ्या जॉन वेस्लीच्या आईने एपवर्थ या इंग्लंडमधील लहान गावी आपल्या घरात तरंगंबाडीचा हा वृत्तांत वाचून घेतला आणि त्याचा तिच्या मनावर खोल परिणाम झाला. अमेरिकेतील बॉस्टन येथून कॉटन मॅदर हा हालेशी आणि तरंगंबाडीशी पत्रे चालवी. १७२१ मध्ये त्याने त्यांपैकी काही छापली. लंडनमध्ये १६९८ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीने, ज्या मंडळीचे पंथदृष्ट्या या जर्मनांशी पूर्ण ऐक्य नव्हते तिने, पैसा, कागद व मुद्रणयंत्र पाठविले.

या जाळ्यात तमिळ माणसांचा आवाजही एकदा आला. त्सीगेनबाल्ग आणि त्याचा सहकारी ग्र्यूंडलर यांनी १७१२ ते १७१४ या काळात स्थानिक विद्वानांस धर्म व आचार यांविषयी प्रश्न लिहून पाठविले. त्यांस आलेली जवळजवळ शंभर उत्तरे जर्मन भाषांतरासह हाले येथे प्रसिद्ध झाली. आपल्या मताचे समर्थन करणारा हिंदू पत्रलेखक युरोपीय वाचकाच्या घरात अशा रीतीने पोचला.

जहाजांची ये-जा मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असे आणि पत्र पोचण्यास कित्येक महिने लागत. एकाच पत्राच्या प्रती निरनिराळ्या जहाजांनी पाठविणे भाग पडे. उत्तर येईपर्यंत दीड-दोन वर्षे जात. इतक्या अंतराने मिळालेल्या वर्तमानाचा तातडीचा उपयोग थोडा. तरीही ते वाचण्यासाठी लोक जमत, प्रार्थना करीत, वर्गणी देत. दूरच्या अनोळखी माणसाशी आपले नाते आहे ही जाणीव त्यांना त्या पत्रांतून मिळत होती.

४

आता तंजावरकडे वळू. व्यंकोजी राजांपासून तेथे भोसल्यांचे राज्य होते. १७६३ च्या ऑगस्टच्या १० तारखेस आपल्या बीड जिल्ह्यात गोदातीरी राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला आणि त्यात निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस तंजावर येथे प्रतापसिंहांच्या मागून तुळजाजी राजे गादीवर आले. गोदावरीकाठच्या आणि कावेरीकाठच्या या दोन्ही मराठी मुलखांत राजकारण पत्रांवरच चालत असे, आणि भाषा व लिपीही एकच होती. मात्र तुळजाजींच्या शेजारी अर्काटचा नवाब आणि मद्रासचे इंग्रज होते. १७७३ मध्ये इंग्रजांच्या साह्याने नवाबाने तंजावर घेतले. ते १७७६ मध्ये परत मिळाले खरे, परंतु राज्याचे त्राण गेले ते गेलेच.

या तुळजाजींच्या दरबारी ज्याची ऊठबस झाली तो ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ हा हाले येथे शिकलेला जर्मन धर्मोपदेशक होय. १७२६ मध्ये जन्मलेला श्वार्ट्‌झ १७५० मध्ये तरंगंबाडीस आला. पुढे तो तिरुचिरापल्लीस राहिला आणि १७७८ पासून तंजावर येथे स्थायिक झाला. तमिळ त्यास उत्तम येत असे. दरबारातील संभाषणासाठी त्याने मराठीही शिकून घेतली. त्याच्या सचोटीची ख्याती अशी की, १७७९ मध्ये मद्रासच्या इंग्रजांनी हैदरअलीकडे बोलणे करावयास त्यालाच श्रीरंगपट्टणास धाडले.

तुळजाजींना औरस वारस उरला नाही. मृत्यूपूर्वी, १७८७ मध्ये, त्यांनी भोसले कुळातील दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सरफोजी. मुलाचा सांभाळ श्वार्ट्‌झने करावा असा राजाचा आग्रह होता. आपणास हे ओझे पेलणार नाही, असे सांगून श्वार्ट्‌झने राजाचे बंधू अमरसिंह यांचे नाव सुचविले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हा सल्ला मुलास महाग पडला. पंडितांच्या अभिप्रायावरून दत्तक अशास्त्र ठरवून इंग्रजांनी अमरसिंहांस गादीवर बसविले. मुलाची कोंडी झाली व त्याचे शिक्षण थांबले.

येथून श्वार्ट्‌झच्या पत्रांस निराळे वजन येते. मुलाची अवस्था तो मद्रासच्या गव्हर्नरास कळवीत राहिला. १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासेस हलविण्यात आले. तेथे श्वार्ट्‌झचा सहकारी गेरिके याने मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. पुढे दत्तकाचा प्रश्न पुन्हा चौकशीस निघाला, इतर ठिकाणच्या शास्त्र्यांची मते घेण्यात आली आणि १७९८ च्या जूनअखेर सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. श्वार्ट्‌झ तो दिवस पाहावयास राहिला नाही. त्याच वर्षाच्या १३ फेब्रुवारीस तो निवर्तला.

ज्या पत्रांनी मुलाला वाचविले, त्याच पत्रांनी तंजावरच्या घरातील भांडण मद्रासच्या कचेरीत नेले, हेही नमूद केले पाहिजे. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. सरफोजींकडे किल्ला, त्याच्या भोवतालचा थोडा भाग व नेमणूक एवढेच उरले. श्वार्ट्‌झच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही. परंतु स्नेहाने लिहिलेले वर्तमान ज्याच्या हाती पडते तो त्याचा उपयोग आपल्या सोयीने करतो, ही गोष्ट त्या तहाने पुरती स्पष्ट झाली.

५

राजा झालेल्या सरफोजींनी १८०१ मध्ये लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीस इंग्रजीत एक पत्र लिहिले. तंजावरच्या प्रार्थनामंदिरात श्वार्ट्‌झचे संगमरवरी स्मारक उभारावयाचे आहे, ते करवून पाठवावे, व्यासपीठाजवळच्या खांबास ते बसविता यावे, आणि श्वार्ट्‌झसारखेच धर्मोपदेशक यापुढे या देशी येत राहावेत, असा त्याचा आशय आहे. स्मारक प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडविले. मृत्युशय्येवरील वृद्ध धर्मोपदेशक आणि त्याचा हात हाती घेतलेला तरुण मराठी राजा, हे दृश्य त्यात कोरलेले आहे. त्याखेरीज सरफोजींनी स्वतः इंग्रजीत रचलेल्या स्मरणपर ओळीही आहेत. तीत ते श्वार्ट्‌झला पिता म्हणतात आणि शेवटी 'तुझा' या भावनेने स्वतःचे नाव घालतात.

हे 'पिता' संबोधन कोणत्या परंपरेतील समजावे? प्रॉटेस्टंटांच्या भाषेत वडीलधाऱ्या धर्मोपदेशकास पित्याच्या नात्याने संबोधणे रूढ होते आणि सरफोजी तीच भाषा ऐकत वाढले होते. दुसऱ्या बाजूने पाहता मराठी मायन्याची शिस्त त्यांच्या हाडीमासी होती. ज्याने वाढविले, रक्षिले त्यास वडिलांचा मायना लिहावा, हे त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती. जन्मदात्याचे घर दत्तविधानाने सुटले आणि दत्तक पिता त्याच वर्षी गेला, अशा मुलाच्या तोंडी हा शब्द आला आहे. दोन्ही परंपरांत तो बसतो म्हणूनच त्याने दोन्हीकडे काम केले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लंडनच्या मंडळीने तो आपल्या अर्थाने वाचला असेल आणि राजाने तो आपल्या अर्थाने लिहिला असेल. रूढ शब्द निरर्थक असतो या समजुतीस येथे बाध येतो. शब्द रूढ होता म्हणूनच दोन धर्मांच्या माणसांना तो न अडखळता वापरता आला.

६

या पत्रजाळ्याला एका विशिष्ट वर्तमानाची अपेक्षा होती. हालेस छापल्या जाणाऱ्या पत्रांत धर्मांतराची हकीकत हा मुख्य विषय असे. ती वाचूनच वर्गणी जमे. संपादकही त्या दृष्टीने निवड करीत आणि आपसांतील कलह, शंका, निराशा यांना कात्री लावीत. श्वार्ट्‌झच्या मांडीवर वाढलेला राजा ख्रिस्ती झाला, ही बातमी सर्वांना हवी होती.

ती कधीच आली नाही. सरफोजी आपल्या कुलधर्मात राहिले. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवालयात भोसले कुळाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरविला. १८२० नंतर मोठ्या लवाजम्यानिशी त्यांनी काशीयात्रा केली. दरबारचा तमिळ कवी वेदनायकम शास्त्री हा श्वार्ट्‌झचाच शिष्य, पण तो ख्रिस्ती होता. हिंदू देवतेवर काव्य रचण्याची राजाज्ञा त्याने मानली नाही आणि अखेरीस त्याचा दरबारचा आश्रय सुटला. एकाच गुरूच्या छायेत वाढलेले हे दोघे आपापल्या श्रद्धेवर ठाम राहिले.

असे असूनही स्नेहात खंड पडला नाही. श्वार्ट्‌झने पुत्रवत वाढविलेला कोहलहोफ तंजावरलाच धर्मकार्य करीत राहिला. १८०६ मध्ये आलेल्या क्लॉडियस ब्यूकॅनन यास राजाने राजवाड्यातील श्वार्ट्‌झचे चित्र दाखविले. १८२६ च्या मार्चमध्ये बिशप हीबर तंजावरास आला. फूर्क्रोआ, लाव्हाझिए, लिनेअस, ब्यूफाँ यांच्याविषयी बोलणाऱ्या या राजाचे मोठ्या कौतुकाचे वर्णन त्याने मित्रास पत्राने कळविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, तिरुचिरापल्ली येथे हीबरचा अंत झाला. हाले व तरंगंबाडी यांच्याकडून आलेले मुद्रण आणि निसर्गविज्ञान यांचे वळण सरफोजींनी आपल्या रीतीने घेतले. १८०६ मध्ये तंजावर येथे देवनागरीत छापलेली 'बालबोधमुक्तावली', म्हणजे इसापच्या कथांचे मराठी रूप, हे त्याचे एक फळ होय. पृथ्वीचा भूगोल मराठी पदांतून सांगणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे दुसरे.

छापील वृत्तांताच्या दृष्टीने पाहिले तर या स्नेहाची निष्पत्ती शून्य ठरते, कारण अपेक्षित बातमी मिळाली नाही. पत्रांच्या दृष्टीने पाहिले तर बातमीवाचूनही नाते तीस वर्षे टिकले. कुशलाचा भाग गाळून 'विशेष' तेवढे वाचणाऱ्यास ही दुसरी गोष्ट दिसणारच नाही.

७

सरफोजी ७ मार्च १८३२ रोजी मृत्यू पावले. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले होते. दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' आपल्या शेजारच्या अहमदनगरहून निघू लागले. मराठीने या नव्या वस्तूस 'वर्तमानपत्र' हे नाव दिले. त्यात 'पत्र' हा शब्द राहिला आहे. वर्तमान सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात काही नाते असते, या जुन्या समजुतीची ती खूण म्हणता येईल.

सरफोजी आणि प्रॉटेस्टंट मंडळी यांच्या संबंधाची जी हकीकत आज सर्वत्र सांगितली जाते, ती मुख्यतः इंग्रजी व जर्मन कागदांवरून. हालेच्या संस्थेतील दफ्तर नीट लावलेले असून अभ्यासकांस खुले आहे. मराठी बाजू तंजावरच्या मोडी कागदांत आहे. ते रुमाल सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठात आहेत. त्यांपैकी निवडक कागदांचे तमिळ भाषांतर झाले आहे. ते वाचावयास मोडीचा सराव आणि दक्षिणी मराठीची जाण दोन्ही हवीत, आणि हे काम मराठीच्या अभ्यासकांवाचून पुरे व्हावयाचे नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक म्हणजे मोडी शिकणे. त्यास तंजावरला जावे लागत नाही. घरच्या माळ्यावरील किंवा गावातील एखाद्या जुन्या वाड्यातील कागदापासून आरंभ करता येईल. दुसरी म्हणजे कागद उतरून घेताना मायन्यापासून समारोपापर्यंत सर्व उतरून घेणे. कोणी कोणास कोणत्या नात्याने लिहिले, कुशल विचारताना कोणाची नावे घेतली व कोणाची टाळली, रूढ शब्द कोठे बदलला, हे सर्व भाषेचे पुरावे आहेत आणि ते एकदा गाळले की परत मिळत नाहीत. राक्षसभुवनच्या लढाईची तारीख आपणास अनेक ठिकाणी सापडेल. त्या लढाईचे वर्तमान एका घराने दुसऱ्या घरास कोणत्या शब्दांत कळविले, हे मात्र त्या एकाच कागदावर असेल.